वाटेवरची सोय : नळाविना चालणारी शौचालये

आषाढी एकादशीला चार-पाच दिवस उरलेले असताना संत तुकाराम महाराजांची पालखी अकलूजचा मुक्काम आटोपून निघते. माळीनगरला उभे रिंगण होते आणि पुढे श्रीपूरच्या साखर कारखान्यावरून सोहळा बोरगावच्या मुक्कामाकडे सरकतो. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे एरवी उसाचे आणि कारखान्याचे गाव. त्या एका दिवशी मात्र त्याच्या रस्त्यावरून एखाद्या शहराएवढी माणसे चालत जातात. त्यांच्या भाकरीची काळजी दिंड्या घेतात, पिण्याच्या पाण्याची टँकर घेतात, निवाऱ्याची राहुट्या घेतात. उरतो तो एक प्रश्न. तो अभंगात नसतो आणि स्वागताच्या कमानीवरही नसतो, परंतु पहाटे तीन वाजता प्रत्येकाला, विशेषतः प्रत्येक स्त्रीला, तोच आधी सोडवावा लागतो. शौचाला जायचे कोठे?

हा प्रश्न केवळ वारकऱ्यांचा नाही. उसतोडीसाठी कुटुंबकबिल्यासह निघालेला मजूर, लांब पल्ल्याच्या गाडीतील प्रवासी, लडाखच्या थंडीत स्वतःची प्रवासी गाडी घेऊन जाणारे हौशी पर्यटक किंवा अमेरिका-कॅनडात घरासारखी सजवलेली मोटार घेऊन हिवाळी भटकंतीला निघालेले मराठी कुटुंब, या साऱ्यांची अडचण मुळात एकच आहे. घर मागे राहिलेले असते, नळ नसतो किंवा असून चालत नाही, आणि शरीर मात्र थांबत नाही.

अडचण तीन गोष्टींची

घरातील शौचालय आपल्याला सोपे वाटते, कारण त्याची अवघड बाजू भिंतीपलीकडे असते. वरून पाणी येते, खालून मैला जातो. प्रवासात या दोन्ही वाटा बंद होतात. त्यामुळे प्रवासी शौचालयाला तीन कामे स्वतःच करावी लागतात : थोडक्या पाण्यात भागवणे, मैला सुरक्षितपणे साठवणे आणि योग्य ठिकाणी तो रिता करणे.

प्रौढ माणसाच्या शरीरातून दिवसाला साधारण दीड लिटर लघवी बाहेर पडते. मळाचे वजन आहारानुसार शंभर ते चारशे ग्रॅमच्या दरम्यान असते. म्हणजे माणसाचा स्वतःचा भाग दोन लिटरांच्या आतबाहेर. मात्र जुन्या पद्धतीची साखळी ओढली की एका वेळी दहा-बारा लिटर पाणी वाहते. नव्या टाक्यांत ते तीन ते सहा लिटरांवर आले आहे. तीव्र उताराच्या भांड्यात बादलीने पाणी ओतल्यास दीड-दोन लिटरांत काम होते. प्रवासी टाकी भरते ती मुख्यतः मैल्याने नव्हे, पाण्याने. म्हणून फिरत्या शौचालयाच्या रचनेत पहिली कात्री पाण्याला लागते.

दुसरी गोष्ट दुर्गंधीची. मळ आणि लघवी एकत्र साठून हवेविना कुजू लागली की अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड यांसारखे वायू सुटतात. लघवी वेगळी ठेवली आणि मळावर कोरडी माती, राख किंवा भुसा टाकला, तर वास पुष्कळच कमी होतो. हे तत्त्व जुने आहे आणि पुढच्या बहुतेक युक्त्या त्याच्याच आवृत्त्या आहेत.

तांब्यापासून टाकीपर्यंत

मराठी मुलखात 'परसाकडे' आणि 'बहिर्दिशेला' हे शब्दच सांगतात की ही क्रिया घराबाहेर, घराच्या मागे होत असे. वस्ती विरळ असताना ऊन आणि माती यांनी हा भार सोसला. गर्दी एका जागी लोटली की निसर्गाचा हा हिशेब कोलमडतो. एकोणिसाव्या शतकातील सरकारी दप्तरांत पंढरपूरची यात्रा आणि पटकीची साथ यांची सांगड पुन्हा पुन्हा घातलेली आढळते. विष्ठेतील जंतू पाण्यात उतरतात आणि पाणी हजारो मुखी जाते, ही साखळी तोडल्याविना यात्रा निर्धोक होत नाही. संत गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) यात्रेच्या गावी खराटा हाती घेतला, त्यामागचा व्यवहार हाच होता. त्यांच्या नावाने महाराष्ट्रात २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले.

महात्मा गांधींनी विष्ठेवर माती टाकण्याचा आग्रह धरला. त्यांचे अनुयायी आणि 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखले गेलेले आप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणाऱ्या स्वस्त संडासांचे प्रयोग केले. मैला माणसाने डोक्यावर वाहू नये आणि जमिनीला मात्र त्याचे सोने मिळावे, हा त्या प्रयोगांचा हेतू होता.

चाकावरच्या शौचालयाची गोष्ट आपल्याकडे रेल्वेपासून सुरू होते. बंगालमधील ओखिल चंद्र सेन या प्रवाशाने १९०९ मध्ये साहिबगंज विभागीय कार्यालयाला लिहिलेले तक्रारपत्र प्रसिद्ध आहे. अहमदपूर स्थानकावर ते शौचाला उतरले असताना गार्डाने शिटी दिली, गाडी निघाली, आणि एका हातात लोटा व दुसऱ्या हातात धोतर सावरत धावताना फलाटावरील स्त्री-पुरुषांसमोर त्यांची फजिती झाली. खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचालये येण्यास हे पत्र कारण झाले असे सांगितले जाते. सोय झाली, परंतु मैला थेट रुळांवर पडत राहिला आणि तो साफ करण्याचे काम माणसांच्या वाट्याला आले. शंभरहून अधिक वर्षांनी, २०११ पासून, डब्यांखाली जैवटाक्या बसवण्यास वेग आला आणि २०१९-२० पर्यंत प्रवासी डब्यांत हे काम जवळजवळ पूर्ण झाले.

या जैवटाक्यांचा उगम थंडीत आहे. सियाचीन आणि लडाखसारख्या ठिकाणी सैनिकांचा मैला कुजत नाही. तो गोठून वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळेने यासाठी अंटार्क्टिकासह शीत प्रदेशांतून थंडीत तग धरणारे जिवाणू मिळवून त्यांचे मिश्रण तयार केले. टाकीच्या कप्प्यांतून मैला पुढे सरकतो आणि हे जिवाणू हवेविना त्याचे मिथेन, कार्बन डायऑक्साइड व पाणी यांत रूपांतर करतात. बर्फातील चौकीसाठी झालेले हे काम पुढे साऱ्या देशाच्या गाड्यांखाली आले. या टाकीचा शत्रू मात्र साधा आहे. पाण्याची बाटली, गुटख्याची पुडी, सॅनिटरी पॅड किंवा चहाचा कप आत पडला की झडप अडते आणि सारी यंत्रणा निकामी होते.

प्रकार आणि त्यांच्या मर्यादा

प्रवासात वापरल्या जाणाऱ्या शौचालयांचे ढोबळमानाने पाच प्रकार पडतात.

पहिला प्रकार चाकांवरच्या मोठ्या शौचालयाचा. ट्रॅक्टर किंवा ट्रकमागे जोडायच्या गाड्यावर चार, सहा किंवा दहा खोल्या, वर पाण्याची टाकी आणि खाली मैलाटाकी. वारीत, सभांच्या मैदानांवर आणि पूरग्रस्त छावण्यांत हीच दिसतात. पुण्यात २०१६ मध्ये जुन्या बसगाड्यांचे स्त्रियांसाठी शौचालयांत रूपांतर करण्याचा 'ती' हा उपक्रम सुरू झाला, तोही याच कुळातला.

दुसरा प्रकार एकट्या उभ्या प्लास्टिक खोलीचा. बांधकामाच्या जागी ती दिसते. खालच्या टाकीत रंगीत रसायन असते. ते दुर्गंधी दाबते, परंतु मैला नाहीसा करत नाही.

तिसरा प्रकार प्रवासी गाडीतील पेटीचा. वर दहा-पंधरा लिटर पाण्याचा कप्पा, खाली वीस लिटरांच्या आसपास मैल्याचा कप्पा आणि मध्ये सरकती झडप. खालची पेटी सुटी करून हातगाडीसारखी नेता येते. दोन माणसांना ती काटकसरीने दोन-तीन दिवस पुरते. लघवीसाठी वेगळी बाटली ठेवली तर त्याहून अधिक.

चौथा प्रकार कोरड्या शौचालयाचा. झाकण असलेली मजबूत बादली, आत जाड पिशवी आणि वर टाकायला भुसा, राख किंवा भाताचे तूस. बाजारात मिळणाऱ्या तयार पिशव्यांत द्रव शोषून लगदा करणारी पूड असते. बाळाच्या लंगोटात वापरतात तेच हे द्रव्य. श्रीपूरसारख्या ऊसपट्ट्यात वाळलेल्या चिपाडाचा बारीक भुसा ओलावा शोषण्यास चांगला.

पाचवा आणि सर्वांत जुना प्रकार खड्ड्याचा. रानात एकट्यादुकट्याने जायचे असेल तर वीतभर खोल खड्डा, पाण्यापासून किमान साठ मीटर अंतर आणि नंतर मातीचे झाकण एवढे पुरे. गर्दीसाठी मात्र हा उपाय नव्हे. सोलापूर जिल्ह्याच्या बागायती पट्ट्यातील काळी जमीन आषाढात पाणी धरून फुगते. तिच्यात खणलेला खड्डा पाझरत नाही, उलट पावसाने भरून वर येतो.

मुक्कामाचा हिशेब

आपत्तीच्या काळातील मदतकार्यासाठी जगभर मान्य असलेल्या 'स्फिअर' निकषांनुसार तातडीच्या पहिल्या टप्प्यात पन्नास माणसांमागे एक आणि मुक्काम लांबल्यास वीस माणसांमागे एक शौचालय असावे. स्त्रियांसाठीच्या शौचालयांचे पुरुषांशी प्रमाण तीनास एक असावे, असेही हे निकष सांगतात.

समजा, मुक्कामी एक लाख माणसे आहेत. पन्नासाला एक म्हटले तरी दोन हजार शौचालये लागतात. दहा खोल्यांचा एक गाडा धरल्यास दोनशे गाडे. प्रत्येकाला पाच मिनिटे दिली तर एका खोलीत तासाला बारा माणसे होतात आणि पहाटेच्या चार तासांत अठ्ठेचाळीस. म्हणजे पन्नासाचा निकष वारीच्या घड्याळालाही जवळपास लागू पडतो. गाडे निम्मे असले की रांग आठ तासांची होते. पालखी आठ तास थांबत नाही. रांगेतील माणूस शेताकडे वळतो. प्रत्येक वापरास दोन लिटर पाणी आणि अर्धा लिटर मैला धरला, तर एका पहाटेचा गाळ अडीच लाख लिटर भरतो. पाच हजार लिटरांची उपसा गाडी त्यासाठी पन्नास खेपा करील. केवळ गाडे उभे करून काम संपत नाही. पाण्याचे टँकर, उपसा गाड्या आणि मैला नेऊन टाकण्याची जागा या तिन्हींची साखळी आधी जुळवावी लागते.

२०१५ च्या सुमारास 'निर्मल वारी' या नावाने पालखी मुक्कामांवर फिरती शौचालये उभारण्याचा उपक्रम आकाराला आला. सेवाभावी संस्थांचे कार्यकर्ते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी पहाटे वाटेवर उभे राहून वारकऱ्यांना शौचालयाकडे वळवू लागले. मुंबई उच्च न्यायालयात पंढरपूरच्या मैला सफाईविषयी झालेल्या याचिकेनेही प्रशासनाला हलवले. पंढरपुरात चंद्रभागेच्या पैलतीरी ६५ एकर परिसरात तंबू, पाणी आणि शौचालये यांची व्यवस्था झाली. गाडा कोठे लावावा याचेही शास्त्र अनुभवातून तयार होते. तो राहुट्यांपासून चालण्याजोग्या अंतरावर, उजेडात, मुरमाड कठीण जागेवर आणि विहिरीच्या उतारावर खालच्या अंगाला हवा. काळ्या रानात लावलेला गाडा एका पावसात रुततो आणि भरलेली टाकी बाहेर काढता येत नाही.

मुक्कामावरची सोय पुष्कळ सुधारली तरी दोन मुक्कामांमधली वाट उरतेच. पाटस ते तोंडले-बोंडले या पालखी महामार्गाची कोनशिला नोव्हेंबर २०२१ मध्ये बसली. रुंद रस्त्याने चालणे सोपे होते, मात्र रस्ता रुंद झाला की आडोसा देणारी झाडे आणि बांध मागे सरतात. श्रीपूरसारख्या वाटेवरच्या गावांची शाळा, कारखान्याची वसाहत आणि घरे यांतील शौचालये त्या दिवशी खुली ठेवणे हीच येथे सर्वांत स्वस्त सोय आहे.

नळ गोठतात तेव्हा

पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. बंद नळीत वाढायला जागा नसल्याने नळी फुटते. म्हणून उत्तर अमेरिका आणि युरोपात हिवाळा आला की प्रवासी घरगाड्यांतील सारे पाणी काढून टाकतात आणि नळ्यांत न गोठणारे द्रव भरतात. अशी गाडी सुरक्षित राहते, परंतु तिचा नळ बंद होतो. त्याच गाडीने हिवाळ्यात प्रवास करायचा असेल, तर शौचालय वापरण्याची पद्धत बदलावी लागते.

सर्वांत सोपी वाट म्हणजे भांडे कोरडे वापरणे. भांड्यात जाड पिशवी बसवावी, आत शोषक पूड किंवा भुसा टाकावा, वापरानंतर गाठ मारून पिशवी झाकणाच्या बादलीत ठेवावी आणि स्थानिक नियम पाहून कचऱ्यात द्यावी. दुसरी वाट म्हणजे भांडे धुण्यासाठी साध्या पाण्याऐवजी प्रॉपिलीन ग्लायकॉल असलेले न गोठणारे द्रव बाटलीतून ओतणे. तेच द्रव मैलाटाकीच्या झडपेपर्यंत पोचते आणि झडप गोठू देत नाही. मोटारीच्या इंजिनात वापरतात ते एथिलीन ग्लायकॉल मात्र येथे वर्ज्य आहे. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. लहान मुले आणि कुत्री-मांजरे यांना त्याचा विशेष धोका असतो.

मैलाटाकी कडाक्याच्या थंडीत भरू देऊ नये. भरलेली टाकी गोठली तर तडकते आणि दगड झालेला मैला वितळेपर्यंत काहीच करता येत नाही. झडप गोठली असेल तर दांडा जोराने ओढू नये. कोमट पाण्याने भिजवलेले कापड किंवा केस वाळवण्याचे यंत्र यांनी तिला सावकाश ऊब द्यावी. हिवाळ्यात अनेक तळांवरील मैला रिता करण्याची ठिकाणे बंद असतात. म्हणून निघण्यापूर्वीच पुढचे चालू ठिकाण विचारून ठेवणे हा प्रवासाच्या आखणीचा भाग मानावा.

भारतात असा अनुभव लडाख, स्पिती आणि काश्मीरच्या उंचावर येतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, पण महाराष्ट्रात नळ्या फुटण्याइतकी थंडी पडत नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कारवाँ पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून शौचालय असलेल्या प्रवासी गाड्यांकडे येथील पर्यटकांचेही लक्ष गेले. अशी गाडी घेऊन उत्तरेस जाणाऱ्यांनी लडाखच्या घरांकडे पाहावे. तेथील पारंपरिक संडास दोन मजली आणि पूर्ण कोरडा असतो. वरच्या खोलीत मातीचा ढीग आणि फावडे, खाली साठवणीची खोली. पाणीच नसल्याने गोठण्यासारखे फारसे काही नसते आणि पुढे त्याचेच खत शेतात जाते. वाळवंटी थंडीत शतकानुशतके टिकलेली ही रचना प्रवासी बादलीला तत्त्व पुरवते.

थंडीतले दुसरे प्रवासी

श्रीपूरला थंडीतही प्रवासी असतात. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटपासून या गावाची साखरेशी गाठ पडली. पुढे पांडुरंग सहकारी साखर कारखान्यामुळे ती कायम राहिली. साखरपट्ट्यात सर्वत्र ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. चार-पाच महिने त्यांचे घर म्हणजे पाचटाची किंवा प्लास्टिकच्या कागदाची कोपी. फड संपला की कोपीही हलते.

येथे शौचालयाचा अभाव रजेवरच्या प्रवाशाची गैरसोय नसते. ती पूर्ण हंगामाची स्थिती असते. थंडीच्या अंधारात उठून शेताच्या कडेला जावे लागते, साप-विंचवाची भीती असते, आणि उसाचे आडोसे तोडणीबरोबर रोज कमी होतात. या कामातील स्त्रियांच्या आरोग्याचा प्रश्न बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे २०१९ मध्ये राज्यापुढे आला आणि त्यासाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाणी, स्नानाची जागा आणि शौचालय यांचा अभाव हा त्या प्रश्नाचाच भाग होता. वारीसाठी वापरलेले फिरते गाडे आषाढ संपला की मोकळे असतात. हंगाम कार्तिकात सुरू होतो. कोपीसोबत हलणारे, चिपाडाच्या भुशाचे कोरडे शौचालय तर तंत्राच्या दृष्टीने मुळीच अवघड नाही. अडते ते खर्च कोणी करायचा आणि देखभाल कोणी पाहायची यापाशी.

रोखून धरण्याची किंमत

सोय नसली की माणूस पाणी पिणे कमी करतो. स्त्रिया हे अधिक करतात, कारण पुरुषाला मिळतो तो आडोसा त्यांना मिळत नाही. परिणाम ठरलेले असतात : मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, डोकेदुखी, उन्हात चक्कर. मधुमेही आणि गर्भवती यांना धोका अधिक. वृद्धांच्या गुडघ्यांना उकिडवे बसणे जमत नाही. मध्ये भोक असलेली घडीची खुर्ची ही त्यांच्यासाठी मोठी सोय ठरते. अतिसार झाल्यास शौचालय दूर आहे म्हणून पाणी तोडणे घातक असते. क्षारसंजीवनी घोटघोट घेत राहिली पाहिजे.

मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' चळवळ सुरू झाली ती स्त्रियांना मोफत आणि सुरक्षित मुतारी मिळावी यासाठी. पुण्यातील 'मिळून साऱ्याजणी'च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालये उभारण्याचे निर्देश दिले. शहराच्या रस्त्यावर जो हक्क मानला गेला, तो पालखीच्या आणि फडाच्या वाटेवर वेगळा ठरत नाही.

टाकी कोण उपसतो?

कोणत्याही फिरत्या शौचालयाची खरी परीक्षा टाकी भरल्यावर होते. ती ओढ्यात, कालव्यात किंवा रस्त्याकडेच्या चरात सोडली तर शौचालय असून नसल्यासारखेच. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर जगणाऱ्या माळशिरससारख्या तालुक्यात असे पाणी खालच्या गावाच्या घागरीत उतरू शकते. मैला यंत्राने उपसून शुद्धीकरण केंद्रात नेणे हा सरळ मार्ग आहे. वाई आणि सिन्नर येथे सेप्टिक टाक्यांतील गाळावर प्रक्रिया करणारी केंद्रे उभी राहिली. लहान नगरांनाही हे जमते, हे त्यांनी दाखवून दिले.

हाताने मैला उचलण्याचे काम २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. संरक्षक साधनांविना कोणालाही गटारात किंवा मैलाटाकीत उतरवणे हाही गुन्हा आहे. बंद टाकीतील हायड्रोजन सल्फाइडने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला उतरणारा दुसराही तेथेच राहतो. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. शौचालयाच्या ठेक्यात खोल्यांची संख्या लिहिली जाते, तशी उपसा गाड्यांची संख्या आणि रिते करण्याचे ठिकाणही लिहिले गेले पाहिजे.

प्रवाशाने लक्षात ठेवावे असे

निघताना झाकणाची बादली, जाड पिशव्या, कोरडा भुसा किंवा राख, साबण, विजेरी आणि आडोशासाठी चादर सोबत असावी.

लघवीसाठी वेगळे भांडे ठेवल्यास मुख्य टाकी अधिक काळ टिकते आणि वास कमी येतो.

ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र वापरू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. जैवटाकीत तर दोन्ही टाकू नयेत, कारण जिवाणू मरतात.

सॅनिटरी पॅड, लंगोट आणि ओले रुमाल भांड्यात न टाकता कागदात गुंडाळून वेगळे ठेवावेत.

कोरड्या शौचालयातील मैल्याचे खत करायचे असल्यास तो आपल्याकडील हवामानात किमान वर्षभर झाकून मुरवावा. जंतांची अंडी चिवट असतात.

पाणी नसले तरी हात धुणे टाळू नये. तांब्याभर पाणी आणि साबण हे प्रवासातील सर्वांत स्वस्त औषध आहे.

पालखी बोरगावकडे निघून गेल्यावर श्रीपूरच्या रस्त्यावर काय मागे राहते, यावरून त्या वर्षीची व्यवस्था ओळखता येते. शेताच्या बांधावर पाय ठेवता येत असेल, विहिरीचे पाणी पिण्याजोगे असेल आणि टाकी उपसायला कोणा माणसाला आत उतरावे लागले नसेल, तर ती वारी निर्मल झाली असे म्हणता येईल.